सत्तावीस नंबरचा बिल्ला

कंपाउंडरनं माझ्या तळहातावर नंबर ठेवला आणि म्हणाला, "बसा निवांत. वेळ लागंल." मी न बघताच मूठ मिटली. हिंगोलीत आता प्रत्येक दवाखान्यात नंबर देतात. कुठं पुठ्ठ्याचा, कुठं प्लास्टिकचा, कुठं नुसतं हातावर पेनानं लिहितात, बाजारातल्या शेळीवर लिहावं तसं. हा मात्र जड होता. पितळ घामाला लागलं की एक वास सुटतो, जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो. मूठ उघडायच्या आधीच मला तो वास आला. उघडली. मराठी आकड्यात २७. पंचानं ठोकून काढलेला, सातचा आकडा कललेला. वरच्या भोकाला पितळेचा एक थेंब, तुटलेलं भोक कुणीतरी पुन्हा जोडल्याची गाठ. तो थेंब कुणी टाकला ते मला माहीत होतं. ज्यानं टाकला त्याच्या मेलेल्या मुठीत हा बिल्ला मी माझ्या हातानं ठेवला होता. अठरा वर्षं झाली त्याला.

समोर एक बाई लेकराच्या कानात कापूस कोंबत होती. पंखा फिरत होता. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं मोठं चित्र, गोगलगायीसारखं. मी कंपाउंडरला विचारलं, "हे बिल्ले कुठून आणले?" तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "सायबानं भंगारातून आणले. पितळेचे हायेत, लोकं घरी नेत न्हाईत म्हणले. तरी नेतेतच. चाळीस आधी आलते, येक मागून आला. धरनाकडं हौदाचा गाळ काढला ना, तिथून निघाला म्हणं." मग त्यानं हाक मारली, "सव्वीस!" लेकरू घेऊन ती बाई आत गेली. माझ्या डाव्या कानात टकटक सुरू झाली. मी आलो होतो ते तिच्यासाठीच. लोकांच्या कानात शिट्टी वाजते, घूं होतं. माझ्या कानात टकटक होते. टक, टक. थांबते. टक. बायको, पुनम, म्हणते तुमच्या डोक्यात सुतारपक्षी बसलाय. सुतारपक्षी न्हाई. वेल्डिंग झाल्यावर सांध्यावरची खपली उडवायला जी बारीक हातोडी मारतात, तिचा तो आवाज आहे. कधीपासून होतंय असं डॉक्टर विचारणार आणि मी 'असंच, दोनचार वर्षांपासून' असं सांगणार, हे मी घरून ठरवून आलो होतो. "सत्तावीस!" कंपाउंडर ओरडला. मी उठलो न्हाई. "सत्तावीस कोन हाय?" लोक एकमेकांकडं बघायला लागले. "अरे सत्तावीस हाय का गेला?" मी चपला पायात घातल्या आणि बिल्ल्यासकट बाहेर रस्त्यावर आलो. भर दुपारचं ऊन होतं. मागून अजून हाक येत होती.

आमच्या वस्तीला गोदी म्हणायचे. हसू नका. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि सेनगाव-गोरेगावच्या मधल्या माळावर, धरणाच्या काठाला, सरकारनं एक नावकारखाना काढला होता. मराठवाड्यातल्या धरणांवर जेवढ्या सरकारी होड्या, तराफे, लाँचा होत्या त्या इथं बनायच्या, इथं दुरुस्त व्हायच्या. एक्केचाळीस माणसं, तेवढीच क्वार्टरं, एक शाळा, एक रेशनचं दुकान. माझे काका धर्मसिंग तिथं फोरमन. तांड्यातून पळून मुंबईला नौदलाच्या गोदीत वीस वर्षं काढून आले होते आणि येताना ती अख्खी गोदी डोक्यात घालून आणली होती. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, हा गडी आमाला पाण्यावर चालवायला निघाला. नवी होडी पाण्यात सोडताना सगळ्यांनी ताठ उभं राहायचं, ही त्यांची शिस्त. होडीला बाईचं नाव द्यायचं, हीही. आणि सगळ्यात मोठी शिस्त फळ्याची. फाटकापाशी लाकडी फळा, त्याला एक्केचाळीस खिळे. सकाळी आत येताना आपला बिल्ला आपल्या हातानं खिळ्याला लावायचा, जाताना आपल्या हातानं काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा न्हाई. आजारी पडून घरी नेलं तर बिल्ला काढायला घरचं माणूस यायचं. कारण मधोमध तो हौद होता. पुरुषभर खोल, दगडी, कोरडा. होडी आत घ्यायची, पाणी उपसायचं, ठोकळ्यांवर टेकलेल्या होडीच्या पोटाखाली सरपटत जाऊन काम करायचं. काम झालं की संतराममामा धरणाकडचं चाक फिरवायचा, पाणी आत यायचं, होडी आपोआप उचलली जायची. चाकाला हात लावायच्या आधी तो लांबूनच ओरडायचा, "फळा?" आणि टाइमकीपरनं फळा बघून ओरडायचं, "मोकळा!" म्हणजे आत माणूस न्हाई. ह्या दोन शब्दांवर एक्केचाळीस घरं झोपायची. टाइमकीपर मी होतो. चोवीस वर्षांचा, रोजंदारीवर, काकांच्या वशिल्यानं लागलेला.

आता मी कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. लोकांचे अर्ज लिहितो. शाळा मी दहावीला सोडली, पण अर्ज असा लिहितो की साहेबाचा चहा थंड होतो. 'सदर अधिकारी निर्लज्ज असून' असं वाक्य तलाठ्याविरुद्ध मी लिहिलेलं आहे आणि खाली माझं नावही टाकलेलं आहे. मला लोक भितात. मला वाटायचं मी कुणाला भीत न्हाई. त्या दिवशी दुकानात येऊन बसलो, बिल्ला कीबोर्डवर ठेवला, आणि तासभर एकाही गिऱ्हाइकाकडं मान वर करून बघितलं न्हाई. मॉनिटरवर शितल मॅडमचा मेल उघडाच होता. मॅडम पुण्याच्या, वय तीस असेल, चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्यांचा राग आणायचा होता आणि आला न्हाई. गोदी आता पुन्हा उभी राहते आहे. नाव 'गोदी लेक रिसॉर्ट', मॅडम तिथल्या मॅनेजर. अठरा वर्षं ज्या क्वार्टरांची दारं-खिडक्या लोकांनी उपटून नेली, ज्यांच्यात बाभळी उगवल्या, त्यांना निळा रंग देऊन खोल्या केल्यात. खोल्यांना माशांची नावं. आमची, काकांना मिळालेली, क्वार्टर नंबर नऊ म्हणजे आता 'रोहू'. हौदाचा गाळ काढून त्याला फरशी बसवली आणि पोहायचा तलाव केला. गोदीतल्याच पोरांना जीवरक्षक म्हणून घेतलं, बायकांच्या बचत गटाला जेवणाचं काम दिलं, सगळ्यांच्या डोक्यावर खलाशाच्या पांढऱ्या टोप्या घातल्या. चूल पेटायला लागली हे खरं आहे. मी टोप्यांना हसलो तर देवलानं, आमच्याच तांड्यातल्या पोरीनं, मला तोंडावर सुनावलं, "दादा, तुमच्या अर्जानं अठरा वर्षांत येक नळ आला न्हाई. टोपीनं पगार येऊन राहिला." मॅडमला भिंतीवर लावायला मजकूर हवा होता. 'गोदीची गौरवगाथा, तीनशे शब्द. सर, प्लीज निगेटिव्ह काही नको. लोक सुट्टीला येतात.' मी दोनशे ऐंशी शब्द लिहिले होते. वीस शब्द शिल्लक होते. 

एकोणतीस जानेवारी दोन हजार सात. बंदीचा हुकूम दुपारी आला. आठवडाभर कुजबुज होतीच, पण कागद असा जेवणाच्या सुट्टीत येईल असं वाटलं नव्हतं. पाचच्या आत सगळं जमा करा: हत्यारं, किल्ल्या, रजिस्टरं आणि बिल्ले. बिल्ले सरकारी मालमत्ता. हौदात 'लखमा' नावाचा तराफा होता, तोही संध्याकाळपर्यंत पाण्यावर काढून ताब्यात द्यायचा. काका रजेवर होते. माणसं वेड्यासारखी हिंडत होती, कुणी भिंतीला हात लावून बघत होतं, कुणी घरी निघून गेलं होतं बिल्ला तसाच ठेवून. मला मोजून द्यायचे होते एक्केचाळीस. म्हणून साडेचारला मी फळ्यापाशी गेलो आणि राहिलेले सगळे बिल्ले काढले. एकेक करून, सरळ हातानं, खिळ्यावरून. बारा-तेरा होते. मला आठवतं, हात लावताना कसंतरी झालं होतं, परक्या घरात शिरून भांडी उचलल्यासारखं. पण कागदावर सही होती, शिक्का होता, आणि मी चोवीस वर्षांचा रोजंदार होतो. सत्तावीस त्यांच्यात होता. सत्तावीस म्हणजे हाशिमभाई, आमचा वेल्डर. सगळे गेले तरी तो खाली होता, 'लखमा'च्या पोटाखाली, एक सांधा राहिला म्हणून. बंद पडणाऱ्या कारखान्यातल्या, लिलावात जाणाऱ्या तराफ्याचा सांधा. गळता माल माझ्या हातून जाणार न्हाई, असा तो माणूस. मी ताटलीत बिल्ले घेऊन हापिसात बसलो. ढीग लावले, दहा-दहाचे चार आणि वर एक. आणि लांबून संतराममामाची हाक आली, "फळा?" मी मान वर केली न्हाई. रोज संध्याकाळी दोन वर्षं जी हाक यायची ती आली आणि रोज जे तोंडातून जायचं ते गेलं. "मोकळा!"

आणि खरंच मोकळा होता. ह्या वाक्यावर मी अठरा वर्षं जगलो. फळा मोकळा होता की. कुणीही येऊन बघावं. एकच गोष्ट आहे जी मी नीट आठवू शकत न्हाई आणि विसरूही शकत न्हाई. ओरडायच्या आधी मला टकटक ऐकू आली होती का? हौद हापिसापासून पन्नास पावलांवर. संध्याकाळी वारा पडलेला. हाशिमभाईची खपली उडवायची एक ढब होती, दोन ठोके, मग तो काच वर करून सांधा बघायचा, मग एक ठोका. टक, टक. टक. सगळ्या गोदीला ती पाठ होती. बायका क्वार्टरात भाकरी थापताना म्हणायच्या, हाशिमचा सांधा झाला, आता सुट्टी होईल. त्या संध्याकाळी तो आवाज माझ्या कानात गेला, आणि मग मी ओरडलो? की ओरडलो आणि मग गेला? की गेलाच न्हाई, आणि नंतर मीच तो तिथं नेऊन ठेवला? माझ्या खोपडीत ही एक जागा अशी आहे की तिथं मी हजार वेळा उभा राहिलोय आणि हजार वेळा मला वेगळं ऐकू आलंय. पाण्याचा आवाज मात्र पक्का आठवतो. चाक फिरलं आणि पाणी आलं, जनावर गोठ्यात शिरताना अंग घासतं तसं. मग तराफा उचलला गेला. आणि मग त्याच्या खालून वेल्डिंगची वायर बाहेर तरंगत आली.

बाहेर काढेस्तोवर अंधारून आलं होतं. काठावर निजवला. सगळे जीपकडं, फोनकडं, त्याच्या बायकोकडं, अमिनाबी भाभीकडं धावले. मी एकटा त्याच्यापाशी. माझ्या खिशात सत्तावीस होता, ताटलीतून मी तो कधी उचलला ते मला माहीत न्हाई. मी त्याचा उजवा हात उघडला आणि त्यात बिल्ला ठेवला, म्हणजे त्यानंच काढला असं दिसावं. आणि इथं मी चुकलो. हाशिमभाईचा उजवा हात मिटायचा न्हाई. फार आधी टाकीचा भडका उडून त्या हाताच्या शिरा आखडल्या होत्या, बोटं पंख्यासारखी उघडीच राहायची. होल्डर धरायचा डाव्यानं, जेवायचाही डाव्यानं, आणि त्याच्यावरून आमी त्याची मस्करी करायचो. मला हे माहीत होतं. रोज सकाळी तो डाव्या हातानं बिल्ला लावायचा हे मी रोज बघत होतो. पण त्या वेळी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी बिल्ला त्या उघड्या पंज्यावर ठेवला आणि बोटं मिटली. मी मिटवली असं मी स्वतःला सांगतो. मी मिटवली न्हाईत. ती माझ्या बोटासकट मिटली. मला माझं बोट ओढून काढावं लागलं. मग मी हापिसात गेलो आणि रजिस्टरात लिहिलं: 'बि. क्र. २७, वेळ ४.४०, स्वतः काढला.' पोलिसांनी ते बघून पंचनामा केला. संतराममामा सुटला, फळा मोकळा होता म्हणून. मी सुटलो, रजिस्टर बोलत होतं म्हणून. ज्याला बोलता येत नव्हतं तो अडकला. आणि गोदीत स्वतःचा बिल्ला काढून परत हौदात उतरणं ह्याचा एकच अर्थ होतो. मरायला गेला. कारखाना बंद झाला म्हणून जीव दिला. जनाज्याला जी माणसं आली त्यातली अर्धी खालमानेनं आली आणि काही आलीच न्हाईत. त्याची पोरगी मुन्नी तेव्हा सहावीत होती. तिच्याशी शाळेत पोरं काय खेळ खेळायची ते मला माहीत आहे. एकजण पाठ करून उभा राहायचा आणि विचारायचा, "फळा?"

तिसऱ्या दिवशी मी जीपनं गोरेगावकडं निघालो. दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता. "सर, तो नंबर वापस करा ना. हाक मारायची सवय लागली हाय, सव्वीसच्या मागं सत्तावीस तोंडात येतो. आन् रोज कोन तरी 'हाव, आलो' म्हणते. बघायला गेलं तर कोनी ऱ्हात न्हाई." मी म्हणालो, "येतो घेऊन." जीपमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारा कोंबडी मांडीवर घेऊन बसला होता, आणि ती कोंबडी सगळ्या वाटेनं माझ्या खिशाकडं बघत होती. फाट्यावर उतरलो. नवी कमान, नवा रस्ता, दोन्ही बाजूंना कुंड्या. दुपारच्या एक वाजताच्या उन्हात ती निळी क्वार्टरं अशी उभी होती की त्यांच्यात कधी कुणी राहिलंच न्हाई. रंग ओला होता. आमच्या नऊ नंबरच्या भिंतीवर माझ्या आईनं शेणाच्या हातानं काढलेले पंजे होते, दरवर्षी एक. रंगाच्या खालून ते दिसत होते. मी जवळ गेलो की दिसत नव्हते.

अमिनाबी भाभी बचत गटाच्या शेडात ज्वारीचं पीठ चाळत होती. डोक्यावर पदर, पदरावर ती पांढरी खलाशाची टोपी. मला बघून हसली न्हाई, रुसलीही न्हाई. "आओ कुलदीप. अर्ज लिहायला आलास का आमच्या मॅडमच्या खिलाफ?" मी तिच्यापुढं बिल्ला ठेवला. तिनं हात पुसले, पण उचलला न्हाई.

"निकला क्या," ती म्हणाली.

"भाभी, हा तर त्याच्याबरोबर—"

"पोलिसानं दिला मला. कपड्यासोबत. म्या हौदात फेकला."

"काहून?"

"काहून म्हणजे?" तिनं चाळणी खाली ठेवली. "उजव्या मुठीत गावला म्हणले. पंधरा बरस झाले व्हते, त्या हातानं त्यानं मुन्नीचं बोट धरलं न्हाई. घास धरला न्हाई. आन् मरताना बिल्ला धरला? म्या समद्यायला सांगितलं. ठाण्यात सांगितलं, जमातीत सांगितलं, तुझ्या काकाला सांगितलं. समदे म्हणले, बाई, कागदावर लिवलंय." मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला बी सांगायला आलते. आठवतं का? तू दार उघडलं न्हाईस."

आठवतं. दाराच्या आतल्या बाजूला पाठ लावून मी उभा होतो आणि कडी तीन वेळा वाजली होती. दोन, आणि मग थांबून एक.

"मुन्नीच्या पोराला आता शाळेत घालायचं हाय," ती म्हणाली. "बापाचं नाव, आज्याचं नाव. लोकं इचारतेत, आज्जा कशानं गेला. मला दुसरं काय नको बाबा. नुकसान-बिकसान न्हाई मागत मी. येकच सांग. सुट्टीच्या टायमाला त्याचा बिल्ला फळ्यावर व्हता का न्हाई?"

माझं तोंड उघडलं. मी, ज्यानं तलाठ्याला निर्लज्ज म्हटलं, मी म्हणालो, "बघतो भाभी. जुनं रजिस्टर बघावं लागंल." तिनं चाळणी उचलली. पीठ पडायला लागलं. "बघ," ती म्हणाली. बिल्ला तिथंच होता. मी तो उचलून खिशात टाकला आणि चालायला लागलो, आणि कानात इतक्या जोरात ठोके पडायला लागले की मी एका कुंडीवर आदळलो.

उद्घाटन रविवारी सकाळी दहाला. मी जाणार नव्हतो. शनिवारी मॅडमला मजकूर पाठवला, दोनशे ऐंशी शब्दांचाच, आणि त्यांनी हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. रविवारी नऊला मी शर्ट घातला. पुनम म्हणाली, "दवाखान्यात चाललात का? ते बिल्ल्यावाले फोन करून राहिले." मी हो म्हणालो. मांडव मोठा होता. पाहुणे आमदारांच्या जवळचे कुणीतरी, पांढरे कपडे, काळा चष्मा. खुर्च्यांवर सगळी जुनी गोदी, म्हातारी झालेली, टोप्या घातलेली. हौद कोरडा होता. निळ्या फरशीवर ऊन इतकं पडलेलं की तळ वर आल्यासारखा वाटत होता. पाणी आज पहिल्यांदा सोडायचं होतं, आणि तेही जुन्या चाकानंच, हा मॅडमचा हट्ट. त्यासाठी संतराममामाला आणून उभा केला होता. ह्या माणसानं त्या संध्याकाळपासून चाक सोडा, घरातला नळ फिरवलेला न्हाई. त्याची बायको बेबीबाई त्याला तांब्या भरून देते. माठातूनसुद्धा तो पाणी स्वतः काढून घेत न्हाई. त्याच्या पोराला इथं जीवरक्षकाची नोकरी लागली म्हणून आज आला होता. चाकावर हात ठेवून तो उभा होता.

आणि फाटकापाशी फळा होता. मॅडमनं नवा करून घेतला होता, चकचकीत, एक्केचाळीस खिळे, बरोबर. नुसताच, शोभेचा. मोकळा. मी त्याच्यापुढं उभा राहिलो. लोक माझ्या मागून जात-येत होते. माझ्या हातानं खिशातून बिल्ला काढला. मी 'माझ्या हातानं' म्हणतो, कारण मी अजून ठरवत होतो. सत्ताविसाव्या खिळ्याला तो बसला, त्या दुरुस्त केलेल्या भोकातून, जरासा हलला आणि थांबला. पितळेचा एवढासा आवाज झाला. माइकवर मॅडम म्हणत होत्या, "आणि आता आपले ज्येष्ठ सहकारी संतरामकाका, गोदीच्या परंपरेप्रमाणे..." त्यांनी मामाला खूण केली. मामानं घसा खाकरला. इतकी वर्षं न वापरलेला आवाज, कुठूनतरी खोलातून ओढून काढल्यासारखा आला.

"फळा?"

मॅडमनी टाळ्या सुरू केल्या, त्यांना वाटलं झालं. पण पुढच्या चार रांगांतल्या कुणीही टाळी वाजवली न्हाई. सगळी गोदी मान वळवून माझ्याकडं बघत होती. त्यांच्या अंगात होतं ते, ह्या हाकेनंतर दुसरी हाक यायला पाहिजे हे. मीही ती ऐकायला थांबलो. माझ्या घशाशी तो जुना शब्द तयार होता. जिभेला काहीच कष्ट नव्हते. पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं, टक, टक. डाव्या कानात न्हाई. समोरून. कोरड्या हौदातून, फरशीवरून येत होतं. मी संतराममामाकडं बघितलं. त्यानं मान वाकडी केली होती, हौदाकडं, आणि त्याचे दोन्ही हात चाकावरून सुटले होते.

टक.

"न्हाई," मी ओरडलो. "भरलाय. सत्तावीस आत हाय."

कुणीतरी हसलं. मॅडम माइकवर म्हणाल्या, "सर, हे... छान, म्हणजे आपण नाटकाच्या स्वरूपात..." मी त्यांच्या हातातून माइक घेतला न्हाई. मला लागत नव्हता. "हाशिमभाईनं बिल्ला काढला नव्हता," मी म्हणालो. "मी काढला. मोजून द्यायचे होते म्हणून समद्यांचे काढले. मामानं हाक दिली तवा मीच म्हणलो मोकळा. मुठीत बिल्ला मी घातला. रजिस्टर मी लिवलं. मला आवाज आला होता." हे शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं. म्हटल्यावर कळलं की ते खरं आहे. पाहुण्यांचा माणूस माझ्या दंडाला धरून म्हणत होता, "चला, चला, बाजूला घ्या ह्याला, चाक फिरवा कुणीतरी," आणि मामाचं पोरगं, शिट्टी गळ्यात अडकवलेलं, पुढं झालं. मामानं त्याच्या छातीवर हात ठेवला. "मागं हो," तो म्हणाला. "आत मानूस हाय. दिसून न्हाई राहिलं का तुला?"

फळ्यावरचा बिल्ला दुसऱ्यानं काढायचा नसतो. ज्याचा त्यानं, न्हाईतर त्याच्या घरच्यानं. हे मॅडमला कुणी सांगितलं ते मी बघितलं न्हाई, पण त्यांना समजलं, कारण त्या शेडाकडं बघायला लागल्या. मग पाहुणे बघायला लागले. मग सगळेच. अमिनाबी भाभी चुलीपुढं बसली होती. डोक्यावरची टोपी तिनं काढून बाजूला ठेवली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग लांबवर फळ्याकडं. मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, याल का जरा? साहेबांना पुढं जायचंय." भाभीनं परातीतून पिठाचा गोळा उचलला, हातावर फिरवला.

"बसा म्हणावं," ती म्हणाली. "अठरा बरस झाले, आता घाई काय हाय." आणि ती भाकरी थापायला लागली.